गादी

मोंढ्यात बावीस वर्षं गादी म्हणजे
शेठ बसतात ती.
पांढरी चादर, लोड, फोन, पानाचा डबा.
आपण तिच्यासमोरून जायचं,
पाठीवर कट्टा, मान खाली.

हत्तरगे डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली
आणि पेनाच्या टोकानं मोजत गेले.
"मानेत सहा गाद्या असतात, संगाप्पा.
सगळ्यांनाच."
मला हसू आलं. सहा!
आणि एवढी वर्षं मी उभाच.

पाचव्या-सहाव्या मणक्यामधली सरकली होती,
शिवण उसवून पोत्यातून
तूर डोकावावी तशी,
आणि नेमकी नसेवर टेकली होती.
म्हणून अंगठ्याला मुंग्या. मग मुंग्याही नाहीत.
म्हणून हातातली आकडी पडायची.
खाजामियाँनं पहिल्यांदा उचलून दिली,
"हात काय करलालाय रे तुझा?"
दुसऱ्यांदा दिली तेव्हा काहीच बोलला नाही.
ते जास्त लागलं.

पट्टा झाला, गोळ्या झाल्या.
दीड महिना तळहातावर कपाळ दाबायचा व्यायाम झाला,
शेजाऱ्यांना वाटलं, नशिबाला लावलाय हात.
आता शर्टाची बटनं पद्मीण लावते.
"अजून थांबलो तर नस सुकेल," डॉक्टर म्हणाले,
आणि टेबलावरचा प्लास्टिकचा कणा पुढ्यात ओढला.

"पुढून जायचं. गळ्याच्या वळीत दोन बोटं चीर,
अन्ननलिका जरा बाजूला सारायची,
आख्खी गादी काढून घ्यायची.
तिच्या जागी छोटा पिंजरा, आत हाडाचा चुरा,
वर पट्टी, चार स्क्रू.
दोन मणके हळूहळू जुळून एक होतात."
मी म्हणलं, आमच्या भावकीत हे कधी झालं नाही.

"नाहीतर पुढूनच, पण नवी गादी. धातूची, हलती.
मान होती तशी फिरते.
पण कट्ट्याखाली टिकेल असं मी लिहून देणार नाही,
आणि तुझ्या कार्डात ती बसत नाही."
पद्मीणनं किंमत विचारली.
मग नुसताच पदर सारखा केला.

मागूनही जाता येतं म्हणे,
हाड थोडं कोरून नसेला खिडकी करून द्यायची,
गादी जागेवरच.
"पण तुझी मधोमध फुगलीय. मागून गेलं तर
मज्जारज्जू आडवा येतो. त्याला हलवत नसतात."

मला परखी आठवली.
पोतं न फोडता आत खुपसायची,
मधला माल तळहातावर,
भोक बोटानं दाबलं की मिटतं.
"असंच का?"
"असंच," ते म्हणाले. "फक्त पोतं जिवंत असतं."

"यातल्या कशानं पुन्हा ओझं उचलता येईल?"
डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला.
परत घालायच्या आधीच म्हणाले,
"कशानंच नाही."

गंजगोलाईपर्यंत रिक्षात आम्ही दोघं गप्प.
मी बिल्ल्याचा नंबर मनात म्हणत होतो,
का ते माहीत नाही.

कागदावर लिहिलं होतं, आवाज बसू शकतो.
त्याखाली आणखी बरंच. पद्मीणनं ते वाचू दिलं नाही.
मला सही येते. पेन धरवेना.
डावा अंगठा दिला,
बापानं दिला असता तसा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पट्ट्यात बोट घालून बघत म्हणाले,
"वर-खाली थोडं कमी होईल.
आडवी मात्र बरीच वळेल.
'नाही' म्हणायचा सांधा वर असतो, कवटीखाली.
त्याला आपण हात लावलेला नाही."

बावीस वर्षं मीही लावला नव्हता.

दुपारी शेठचा फोन.
"सोयाबीन येलालंय धो-धो, कधी येतोस?"
आवाज नव्हताच.
पट्ट्याच्या आत हलते तेवढी मान हलवली,
जराशी डावीकडं, जराशी उजवीकडं.
फोनवर ते दिसत नाही.
"हॅलो, संगाप्पा, हॅलो," शेठ म्हणत राहिले.
पद्मीणनं फोन घेतला नाही हातातून.
ती मऊ भाताच्या चमच्यावर फुंकर घालत होती.